सदुसष्टची तीनशे पस्तीस

जुनी गिटार विकायला काढली की ती वाजते कशी, हे कोणी आधी विचारत नाही. विचारतात, उघडली आहे का? आतलं सोल्डर मूळचंच आहे का? मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, बदललेत? रंग पुन्हा मारलाय? डोकं तुटून चिकटवलेलं आहे? माझ्या १९६७च्या गिब्सन ईएस-३३५साठी ही उत्तरं देण्यातच गेला उन्हाळा गेला. नाही, हो, नाही, नाही, नाही. घेणाऱ्याला हवी तशीच सगळी उत्तरं होती. आणि तरीही ती लिहिताना मला दर वेळी मिरज आठवायची.

मी मिरजेचा. सतारमेकरांच्या गल्लीवरून माझी शाळेची वाट जायची. फरीदसाहेब शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं पिढीजात काम सोडून सतारी करायला घेतल्या, तेव्हापासून हे गाव तंतुवाद्यांचं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे भोपळे दुकानांच्या माळ्यावर टांगलेले असायचे. पण उंबऱ्याशी उभं राहून मी जे पाहिलं, त्यात नव्या वाद्यांपेक्षा दुरुस्तीला आलेली वाद्यंच जास्त. भोपळ्याला चीर गेलेली, दांडी वाकलेली, घोडीवर तारांच्या खाचा पडलेल्या. ती उघडायची, सांधायची, पुन्हा पॉलिश करायची. जवारी, म्हणजे तारेला झणकार देणारा घोडीचा उतार, तर अधूनमधून काढावीच लागते. तार घासून घासून घोडीचा तो नाजूक उतार मोडतो, आवाज बसतो. मग कारागीर कानशीचे दोन हात मारतो, तार छेडून ऐकतो, परत दोन हात मारतो, आणि वाजवणाऱ्याच्या कानाला पटेपर्यंत हे चालतं. कोणाला खुली, झणकाराची जवारी हवी असते, कोणाला बंद. जवारी पुन्हा काढली म्हणून तंबोऱ्याची किंमत उतरली, असं तिथे कोणाच्या मनातही येणार नाही. उलट ती कोणाच्या हातची आहे, हे मान वर करून सांगतात.

त्या गावातून आलेल्या माणसाने, साठ वर्षांत कोणी स्क्रूड्रायव्हर लावला नाही हा वाद्याचा मोठा गुण म्हणून जाहिरातीत लिहायचं, हे मला जड गेलं. लिहिलं मात्र. ते खरं होतं आणि घेणाऱ्याला ते कळायलाच हवं होतं.

विकायचं कारण साधं. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय. बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड, धरला की दहा मिनिटांत कळ कोपरापर्यंत जाते. नायलॉन तारांची एक हलकी गिटार आहे, ती मांडीवर घेऊन मी अजून वाजवतो. पण ३३५ भिंतीवर टांगून ठेवायची गिटार नाही. तिला अँप (अँप्लिफायर) लागतो, दुसरी माणसं लागतात, ड्रमवाला लागतो. मुलांना तिच्यात रस नाही आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांची वाद्यं वेगळी आहेत.

ही गिटार आहे तरी काय, ते थोडं सविस्तर सांगतो. मला सांगायला आवडतं म्हणूनही. नावातलं ईएस म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश. स्पॅनिश अशासाठी की तेव्हा मांडीवर आडवी ठेवून सळीने वाजवायची हवाईयन गिटारही जोरात होती. माझ्या लहानपणी आमच्याकडे रेडिओवर गिटार लागली म्हणजे ती हवाईयनच, व्हॅन शिप्ले यांच्या वादनातली. छातीशी धरून वाजवायची ती स्पॅनिश. या स्पॅनिश गिटारीला पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत उतरवणारा भाग, लावून अँपला जोडलं की एक अडचण उभी राहायची. पोट पोकळ असल्यामुळे अँपचा आवाज त्या पोटात शिरून वरची फळी थरथरवायचा, ते थरथरणं पिकअपमधून परत अँपमध्ये जायचं आणि सगळं मिळून घूं करून ओरडायला लागायचं. आवाज जितका मोठा, तितका त्रास मोठा. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात एक भरीव चौकोनी ओंडका घेतला, त्यावर तारा चढवल्या आणि दिसायला गिटार दिसावी म्हणून दोन बाजूंना जुन्या गिटारीचे अर्धे पंख चिकटवले. त्याला ते ‘द लॉग’ म्हणायचे. पुढे पूर्ण भरीव गिटारी आल्या. त्या ओरडत नव्हत्या, स्वर लांबपर्यंत टिकवत होत्या. पण त्यांच्या अंगात पोकळ लाकडाचा तो श्वास नव्हता.

गिब्सनचे तेव्हाचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांनी १९५८ साली यातून वाट काढली. गिटार बाहेरून पोकळ दिसते, एफ आकाराची दोन छिद्रंही आहेत, पण आत मानेपासून शेपटापर्यंत मधोमध मेपलचा एक भरीव ठोकळा जातो. पिकअप त्यात बसतात, ब्रिज, म्हणजे गिटारीची घोडी, त्यावर उभा राहतो. पोकळ राहतात ते फक्त दोन बाजूंचे पंख. मधला ठोकळा स्वर धरून ठेवतो आणि पंख त्या स्वराला हवा देतात. एवढंच. इतक्या साध्या तोडग्याला हात लावायची गरज साठेक वर्षांत कोणाला पडलेली नाही, आणि माझ्या मते विसाव्या शतकातल्या वाद्यनिर्मितीतली ही सगळ्यात शहाणी कल्पना आहे.

तरीही वाजवणाऱ्यांनी तिच्यात फेरफार केलेच. ब्लूज वाजवणारे बी. बी. किंग तर फार मोठ्या आवाजात वाजवायचे. घूं थांबवायला ते एफ छिद्रांमध्ये कापड कोंबायचे. शेवटी १९८०मध्ये गिब्सनने त्यांच्या नावाचं जे मॉडेल काढलं, त्याला छिद्रंच ठेवली नाहीत. ही गोष्ट मला फार आवडते. मिरजेत सांगितली तर कोणालाही लगेच समजेल.

मी मिशिगनमधल्या कॅलमझूला शिकायला आलो १९८६मध्ये. सांगलीला इंजिनिअरिंग करताना होस्टेलवर एका मित्राच्या स्वस्तातल्या गिटारीवर बोटं बसली होती, बाकी काही नव्हतं. ज्या शहरात गिब्सनच्या गिटारी होत होत्या त्याच शहरात आपण आलोय, हे मला इथे आल्यावर कळलं. २२५, पार्सन्स स्ट्रीट. १९१७चा विटांचा कारखाना आणि त्याची उंच चिमणी. पण मी पोचण्याआधीच, १९८४मध्ये, गिब्सनने तो बंद करून सगळं काम टेनेसीतल्या नॅशव्हिलला हलवलं होतं. गाव सोडून जायला तयार नसलेल्या काही जुन्या कामगारांनी १९८५मध्ये त्याच इमारतीत हेरिटेज नावाची स्वतःची कंपनी काढली. ती अजून तिथे गिटारी करते.

माझ्या भाड्याच्या खोलीशेजारी एक वयस्क बाई राहायच्या. त्या कारखान्यात पिकअपची गुंडाळी करायला होत्या. हंबकर पिकअप म्हणजे चुंबकावर शेजारी शेजारी बसवलेल्या, केसासारख्या तारेच्या दोन गुंडाळ्या. एकीचे वेढे आणि चुंबकाचा ध्रुव दुसरीच्या उलट. विजेच्या वायरिंगमधून येणारी गुणगुण दोन्हींत उलट-सुलट उमटते आणि एकमेकींना खाऊन टाकते, तारांचा आवाज मात्र दोन्हींचा मिळून दुप्पट होतो. सेथ लव्हर नावाच्या गिब्सनच्या इंजिनिअरने १९५५मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. सुरुवातीच्या गुंडाळी यंत्रांना ठरावीक वेढ्यांना आपोआप थांबायची सोय नव्हती, त्यामुळे दोन पिकअप तंतोतंत सारखे निघत नसत. यंत्र कधी थांबवायचं ते चालवणाऱ्या बाईच्या नजरेवर असे. बाई हे सांगताना हवेत बोट फिरवून दाखवायच्या. त्यांच्या भावाची ३३५ त्यांच्याकडे पडून होती. माझा गिटारीचा नाद पाहून त्यांनी ती मला दिली, हप्त्याहप्त्याने पैसे घेऊन. यातली गुंडाळी मीच केली असेल, असं त्या म्हणायच्या. ते खरं की नाही हे ठरवायचा काही मार्ग नाही. मी ती गिटार कधी उघडली नाही याचं कारण बाजारभाव नव्हता. वायरिंगने कधी दगा दिला नाही आणि त्या गुंडाळीला दुसऱ्या कोणाचा हात लागावा असं वाटलं नाही.

आता भावाची गोष्ट. ३३५च्या बाजारात वर्षांची एक उतरंड आहे. १९५८ ते १९६२पर्यंतच्या गिटारींच्या मानेवर ठिपक्यांच्या खुणा आहेत. त्यांना डॉट-नेक म्हणतात आणि त्या उतरंडीच्या सगळ्यात वर. मग चौकोनी खुणांची १९६४पर्यंतची वर्षं. प्रसिद्ध गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांची १९६४ची लाल ३३५ त्यांनी व्यसनमुक्ती केंद्राच्या मदतीसाठी लिलावात काढली, तेव्हा २००४ साली न्यूयॉर्कला क्रिस्टीजमध्ये तिला ८,४७,५०० डॉलर मिळाले. आणि मग येतं १९६५. त्या सुमाराला दोन गोष्टी बदलल्या. तोवर तारांची शेपटाकडची टोकं एका आखूड दांडीत अडकायची आणि ती दांडी दोन खुंट्यांनी थेट मधल्या ठोकळ्यात रोवलेली असायची. तिच्या जागी ट्रॅपीझ आला, म्हणजे गिटारीच्या बुडाशी बिजागरीने अडकवलेली, वरच्या फळीवर अधांतरी राहणारी लांब जाळी. आणि नटापाशी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी, मान बारीक झाली, साधारण ४३ मिलिमीटरवरून ४० वर. या दोन बदलांमुळे १९६७ची गिटार १९६४च्या गिटारीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास विकली जाते. लाकूड तेच, कारखाना तोच, बरीचशी माणसंही तीच.

मला या नावडत्या वर्षांबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. ती नावडती होती म्हणूनच माझ्यासारख्याच्या हाती लागली. बारीक मान अमेरिकन पंजांना अडचणीची वाटते. माझी बोटं आखूड आहेत, मला ती कायम सोयीचीच झाली. ट्रॅपीझबद्दलही माझं मत ठाम आहे. स्वर थोडा लवकर विरतो हे खरं, पण ब्रिजच्या मागे तारांचा जो लांब तुकडा मोकळा राहतो तोही हलकासा बोलतो. सतारीच्या तरफांवर वाढलेल्या कानाला तो आवाज परका वाटत नाही.

पुष्कळ लोकांना मात्र तो नको असतो. ते ठोकळ्यात दोन भोकं पाडून जुन्या पद्धतीची दांडी बसवून घेतात. आवाज बदलतो, आणि गिटार मूळची राहत नाही म्हणून किंमत आणखी उतरते. आपल्या अंगणातल्या झाडाला कोणी खिळा ठोकावा तसं मला त्या दोन भोकांकडे पाहून वाटायचं.

विकायचं ठरल्यावर वय सिद्ध करायचं काम आलं. साठच्या दशकात गिब्सनने तेच सिरियल नंबर वेगवेगळ्या वर्षी पुन्हा वापरले, त्यामुळे नुसत्या नंबरावरून काही नक्की होत नाही. व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे आवाजाच्या बटणाखाली आत बसवलेल्या भागावर, छापलेला आकडा बघावा लागतो. १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, पुढचे आकडे साल आणि आठवडा. पण ३३५ला मागून झाकण नाही. पॉट बघायचे तर सगळं वायरिंग दोऱ्या बांधून एफ छिद्रातून बाहेर ओढावं लागतं. मला ते करायचं नव्हतं. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लहान आरसा आणला, छिद्रातून आत सरकवला आणि बारीक टॉर्चच्या उजेडात बघत बसलो. १३७, मग ६६, मग आठवडा. १९६६च्या शेवटाकडचा पॉट, ६७मध्ये गिटारीत बसलेला. वायरींच्या टोकांवर सोल्डरचे गोल, चकचकीत, न डिवचलेले थेंब. इतकी वर्षं छातीशी धरलेल्या वाद्याचं पोट मी पहिल्यांदाच आतून बघत होतो. पिकअपच्या पाठीवरचा पेटंट नंबरही गंमतीचा आहे. त्या काळच्या गिब्सन पिकअपवर छापलेला २,७३७,८४२ हा नंबर पिकअपच्या पेटंटचा नाहीच, तो लेस पॉल यांच्या टेलपीसच्या, म्हणजे शेपटाकडे तारा अडकवायच्या भागाच्या, पेटंटचा आहे. वर्षानुवर्षं तोच छापला गेला आणि आज तो खरेपणाचा पुरावा आहे.

फोटो काढले. चेरी लाल रंग उन्हाने उडून आता कलिंगडी झालाय, लॅकरवर बारीक तडे आहेत. हे तडे थंडीचे. उणे पंधरा अंशांतून आणलेली केस घरात तशीच बंद ठेवायची, दोन-तीन तास उघडायची नाही, हा इथला नियम मी पाळत आलो. पण तडे बहुधा माझ्याकडे येण्याआधीचेच असावेत.

पहिला फोन एका दुकानातून आला. त्यांनी बाजारभावाच्या निम्म्याहून थोडी जास्त रक्कम सांगितली. त्यांनाही ती पुढे विकून भाडं भरायचं असतं. मग एक संग्राहक. सोल्डरचे फोटो बघून खूश झाले आणि फ्रेटचे बघून थांबले. पहिल्या पाच फ्रेटवर तारांखाली खड्डे पडलेत. फार वाजवलेली दिसते, असं म्हणून त्यांनी नाद सोडला. हे वाक्य मी नंतर घरात मोठ्याने म्हणून पाहिलं. तंबोरा फार वाजवलेला आहे म्हणून नको, असं कोणी म्हटल्याचं मी मिरजेत ऐकलेलं नाही.

पुण्याहून मित्राच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मात्र जीव हलला. “काका, मी पैसे जमवतो, फक्त दुसऱ्या कोणाला देऊ नका.” पोरगा चांगला वाजवतो, त्याचं वादन मी ऐकलंय. ही गिटार पुण्यात जावी असं मला फार वाटलं. अडलं ते मानेवरच्या लाकडावर. ३३५च्या फिंगरबोर्डला शिसव वापरत. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हा कारखाना ब्राझीलच्या शिसवाकडून हिंदुस्थानी शिसवाकडे वळत होता. हिंदुस्थानी असेल तर तयार वाद्याला आता फारशी आडकाठी नाही, २०१९मध्ये तेवढी सवलत मिळाली. ब्राझीलचं शिसव मात्र १९९२पासून साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सगळ्यात कडक यादीत आहे. ते देशाबाहेर न्यायचं तर लाकूड त्या आधीचं असल्याचा दाखला अमेरिकेच्या वन्यजीव खात्याकडून घ्यावा लागतो, नाहीतर कस्टम्समध्ये वाद्य जप्त होऊ शकतं. आणि नुसत्या डोळ्यांनी या दोन लाकडांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. तो नियम योग्यच आहे. ब्राझीलची ती झाडं खरोखर संपत आली आहेत आणि वाद्यांनीही त्यांना संपवायला हातभार लावलाय. त्यावर आपल्याकडची सीमाशुल्काची रक्कम धरली, तेव्हा पोराला मीच म्हटलं, एवढ्या पैशांत जपानची एक सुंदर जुनी सेमी-हॉलो, म्हणजे अशीच अर्धी पोकळ गिटार, मिळेल, ती बघ. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “ठीक आहे काका, पण तुम्ही आलात की दाखवा निदान फोटो.” फोटो काय, मी त्याला आरशातून काढलेला व्हिडिओही पाठवला.

घेतली ती ग्रँड रॅपिड्सच्या एका मुलीने. तिशीची असेल. दवाखान्यात नोकरी, शनिवारी ब्लूजचा बँड, रविवारी चर्चमध्ये. आली, केस उघडली, काही न विचारता अँपला जोडली आणि तासभर वाजवत बसली. आधी हळू, मग इतक्या जोरात की खिडकीच्या काचा बोलायला लागल्या. अँपकडे तोंड करून तिने एक स्वर धरला, घूं सुरू व्हायच्या अगदी काठावर आणला आणि तिथेच तोलून ठेवला. हे मला माझ्या भरातल्या दिवसांतही नीट जमत नसे. मी जाहिरातीत लिहिलेल्या आकड्यातून स्वतःहून थोडे पैसे कमी केले. वाजवणाऱ्याला ते करावेत, असं माझं मत आहे.

मग तिने विचारलं, “मी हिला जुन्या पद्धतीची दांडी बसवून घेतली तर? बँडमध्ये मला स्वर जास्त टिकायला हवेत.”

म्हणजे दोन भोकं. तीही मेपलच्या त्या ठोकळ्यात. मला काही क्षण बोलता आलं नाही. मग म्हटलं, “वाईट वाटेल मला. पण तू ते विचारून थांबू नकोस. हिवाळाभर आहे तशी वाजव, आणि मग बसवावीशी वाटली तर बसव. ठोकळा सलग आहे, खुंट्या भरीव लाकडात जातील. फक्त चांगल्या कारागिराकडे दे, मोजून पाडतील अशा हाताकडे.” हे बोलताना माझ्या लक्षात आलं की मी मिरजेतल्या कुठल्याही दुकानदारासारखंच बोलत होतो. वाद्य ज्याच्या हातात, जवारी त्याच्या कानाप्रमाणे. इतकी वर्षं न उघडलेली गिटार सांभाळली ती माझ्या समाधानासाठी, आणि तो समाधानाचा काळ माझा होता. तिच्या हातात आल्यावर तिचा कान.

पैशांतून थोडी रक्कम पुण्याच्या पोराला पाठवली. त्याने ती घेतली नाही, परत केली. आता तो जपानी गिटारीच्या मागे आहे आणि मला रोज फोटो पाठवून मतं विचारतो.

नोव्हेंबरात त्या मुलीचा मेसेज आला. दांडीचं तिने अजून ठरवलेलं नाही, पण फ्रेट घासून इतके खाली गेलेत की तारा झणझणायला लागल्यात, ते बदलायला टाकलेत. नवी फ्रेट-तार मूळच्या मापाची घेऊ की थोडी उंच? मी लिहिलं, मूळचा नट काढावा लागला तर फेकू नको, केसच्या कप्प्यात ठेव. उंची तुझ्या बोटांना बरी वाटेल ती घे. मला उंच आवडली असती.